आंधळा कोपरा गाडीचा की मॉनिटरचा?

गेले दोन आठवडे आमच्या सिम रेसिंग (म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गाड्यांची रेस) लीगच्या ग्रुपवर एकाच विषयावरून जुंपलीये. पुढच्या सीझनपासून फक्त कॉकपिट व्ह्यू, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवरून दिसेल तेवढंच, शेजारची गाडी दाखवणारं रडार बंद, स्क्रीनवर वेगळा दिसणारा व्हर्च्युअल मिरर बंद, शेजारी कोण आहे ते बोलून सांगणाऱ्या स्पॉटरचा आवाजसुद्धा बंद, असा प्रस्ताव आलाय आणि कारण एकच दिलंय, रिअलिझम. खऱ्या गाडीत ड्रायव्हरला शेजारचं दिसत नाही तर सिम्युलेटरमध्ये का दिसावं? विरोधातले म्हणतायत अरे गेम आहे, ज्याला जे चालू ठेवायचंय ते ठेवू दे. दोन्हीकडून तावातावाने मेसेज पडतायत, स्क्रीनशॉट टाकले जातायत, दोघंजण ग्रुप सोडूनपण गेले. आणि मला हे सगळं वाचून वाईट वाटतंय, कारण एवढ्या भांडणात मूळ प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. आपल्याला जे दिसत नाहीये ते नक्की कशामुळे दिसत नाहीये? गाडीमुळे, की समोर ठेवलेल्या स्क्रीनमुळे?

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडीचा ब्लाइंड स्पॉट, म्हणजे सीटवरून न दिसणारा भाग, आहे तसा राहू दे, त्यातला इंचभरही कमी करू नका, कारण ती गाडी चालवण्याचाच भाग आहे. पण मॉनिटरने जो ब्लाइंड स्पॉट तयार केलाय तो गाडीच्या नावावर खपवू नका, तो भरून काढायलाच हवा, आणि रडार किंवा स्पॉटर ही त्यासाठी आज सगळ्यांच्या हाताशी असलेली साधनं आहेत. खऱ्या ड्रायव्हरला त्या क्षणी जे कळलं असतं तेवढं मला कळलं पाहिजे. ते काचेतून कळतंय, कानातून कळतंय की कोपऱ्यातल्या पिवळ्या बाणातून, हा दुय्यम मुद्दा आहे.

मागच्या महिन्यात नवे नियम कसे वाटतात बघू म्हणून एक ट्रायल रेस झाली, इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर, जीटी३ म्हणजे स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेस गाड्या, सगळं बंद. तिसऱ्या लॅपला मेन स्ट्रेटवरून पहिल्या शिकेनकडे, म्हणजे आधी उजव्या मग डाव्या अशा लागोपाठच्या वळणांकडे, येताना मागे एक गाडी आहे हे मला माहीत होतं, डॅशवरच्या मागच्या कॅमेऱ्यात तिचे लाइट दिसत होते. ब्रेक मारायच्या जरा आधी ते लाइट गेले. गेले म्हणजे एकतर ती मागे राहिली किंवा उजवीकडून आत आली. माझी गाडी लेफ्ट हँड ड्राइव्ह, म्हणजे उजवी बाजू माझ्यापासून लांबची. उजवीकडे बघायचं बटण आहे स्टीअरिंगवर, पण ते दाबलं की अख्खा व्ह्यू झटकन वळतो आणि समोरचा रस्ता जातो, आणि अडीचशेच्या पुढच्या स्पीडवरून पूर्ण ब्रेक दाबून गिअर खाली आणताना समोरचा रस्ता घालवणं मला परवडणारं नव्हतं. मी उजवीकडे वळलो आणि धडकलो. नाशिकचा एक मुलगा होता तो, त्याचं सस्पेन्शन गेलं, रेस संपली. रिप्लेमध्ये बघितलं तर त्याचं पुढचं चाक माझ्या दाराच्या हँडलला लागून होतं, चांगले दोन सेकंद. त्याच्या कॉकपिटमधून माझी अख्खी गाडी दिसत होती, आणि माझ्या स्क्रीनवर होता फक्त डॅशबोर्ड, समोरची काच आणि कर्बचे, म्हणजे ट्रॅकच्या कडेचे, लाल-पांढरे पट्टे. मला पेनल्टी मिळाली आणि ती बरोबरच आहे, शेजारी गाडी असेल तर जागा द्यायची हा नियम मी मोडला. मी अडलोय ते पेनल्टीच्या निकालात लिहिलेल्या एका वाक्यावर, की खऱ्या ड्रायव्हरलाही इथे काही दिसलं नसतं. हे खरं नाहीये, आणि पुढच्या सीझनचा पूर्ण प्रस्ताव याच चुकीच्या वाक्यावर उभा आहे.

जरा हिशोब करून बघा. माझा मॉनिटर २७ इंची, म्हणजे रुंदी जवळपास ६० सेंटिमीटर, आणि माझे डोळे त्याच्यापासून साधारण ७० सेंटिमीटरवर. या अंतरावर तो मॉनिटर माझ्या नजरेतले ४६ अंश व्यापतो, मध्यापासून डावीकडे २३ आणि उजवीकडे २३, बस. जगाचा आकार बरोबर दिसावा, लांबची गाडी खरी दिसेल तेवढीच दिसावी, असं हवं असेल तर गेममधला एफओव्ही (फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती अंशांचं दृश्य दाखवायचं ते) पण ४६ च ठेवावा लागतो, यालाच आपण सगळे 'करेक्ट एफओव्ही' म्हणतो आणि नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. आता माणसाच्या दोन डोळ्यांना मिळून आडवं १८० अंशांच्याही पुढचं जाणवतं. हेल्मेटने त्यातलं काही जातं, सीटच्या डोक्याजवळच्या पंखांनी अजून जातं, हे मान्य. पण जाऊन जाऊन ४६ उरतात का? उरलेल्या कडेच्या भागात आपल्याला नंबर वाचता येत नाही, रंगसुद्धा धड कळत नाही, पण हालचाल मात्र लगेच कळते. शेजारी काहीतरी मोठं सरकतंय एवढं कळायला मान वळवावी लागत नाही. रेसमध्ये चाकाला चाक लावून चालवताना ड्रायव्हर याच्यावरच तर जगतो, आणि आपल्या मॉनिटरने नेमकं हेच कापून टाकलंय. आणि २३ अंशांच्या आत गाडीचे बाजूचे आरसेही बसत नाहीत. म्हणजे करेक्ट एफओव्ही ठेवून व्हर्च्युअल मिरर बंद केला की तुम्ही ड्रायव्हरला बाजूच्या आरशांशिवाय ग्रिडवर उभं करताय. जगातल्या कुठल्या जीटी३ सिरीजमध्ये अशी गाडी स्क्रुटिनिअरिंगमधून, म्हणजे रेसआधीच्या तपासणीतून, पास होईल?

यावर लगेच उत्तर येतं, की मग एफओव्ही वाढव ना. वाढवून बघितलाय. ४६ चा ९० केला की आरसे येतात स्क्रीनवर, पण मधल्या भागातली प्रत्येक गोष्ट निम्म्याहूनही लहान होते. शंभर मीटरवरची गाडी साधारण २३५ मीटरवर असल्यासारखी दिसते, ब्रेकिंगचा अंदाज चुकतो, स्पीड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो, एपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, लांब वाटतो. म्हणजे बाजूचं खरं करायला गेलो तर समोरचं खोटं होतं. एका मॉनिटरवर दोन्ही खरं करता येतच नाही, कितीही सेटिंग फिरवा, ही भूमिती आहे. त्यामुळे ज्याला आपण 'रिअलिस्टिक व्ह्यू' म्हणतोय ती मुळात एक तडजोड आहे, आणि त्या तडजोडीतली फक्त अडचण तेवढी कायम ठेवायची नि तिच्यावरचा उपाय बंद करायचा, याला रिअलिझम का म्हणायचं हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

नजरेच्या आड येणाऱ्या गाडीच्या खांबाची गोष्ट तर याहून सोपी आहे, हातातलं पेन घेऊन घरबसल्या करून बघता येते. पेन उभं धरा, डोळ्यांपासून फूटभर लांब, आणि नजर पलीकडच्या भिंतीवर ठेवा. दोन्ही डोळे उघडे असतील तर पेन पारदर्शक असल्यासारखं वाटतं, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं वाचता येतं. आता एक डोळा मिटा. पेन एकदम भरीव होतं आणि कॅलेंडरवरची एक उभी पट्टी गायब होते. मॉनिटरवर सिम्युलेटरचा कॉकपिट कॅमेरा कायम एक डोळा मिटलेला असतो. माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये साधारण सव्वासहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे त्याच्यापेक्षा बारीक कुठलीही उभी वस्तू लांबचं काही पूर्ण झाकूच शकत नाही. फॉर्म्युला वनमध्ये २०१८ ला हेलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची संरक्षक चौकट, सक्तीचा झाला तेव्हा सगळ्यांची पहिली शंका हीच होती, की नाकासमोर खांब आला तर चालवणार कसं. ड्रायव्हर बसले, चालवलं, आणि बहुतेकांचं म्हणणं हेच आलं की काही लॅपनंतर तो खांब जाणवतच नाही. तोच हेलो त्याच वर्षी कोडमास्टर्सच्या फॉर्म्युला वनच्या गेममध्ये आला तेव्हा मधला खांब लपवायचा ऑप्शन द्यावा लागला, कारण स्क्रीनवर तो खरोखरच रस्त्याच्या मधोमध उभा राहत होता. खांब ठेवणारा खरा की लपवणारा? माझ्या मते एका मॉनिटरवर तो लपवणाराच खऱ्या ड्रायव्हरला जे दिसतं त्याच्या जास्त जवळ आहे.

काचेच्या बाजूचा ए-पिलर मात्र वेगळा, तो रोल केजच्या, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणाऱ्या सांगाड्याच्या, नळीसकट जाड असतो आणि खऱ्या ड्रायव्हरचंही झाकतोच. पण किती? समजा खांब दहा सेंटिमीटर जाड आहे, तर दोन डोळ्यांच्या माणसाचं लांबचं जेवढं झाकलं जातं ते साधारण पावणेचार सेंटिमीटरच्या खांबाएवढं, आणि स्क्रीनवर पूर्ण दहाचं. शिवाय माणूस मान हलवतो. ताम्हिणी घाटात उजव्या वळणावर समोरून काही येतंय का बघायला आपण सगळेच नकळत पुढे वाकून खांबाच्या पलीकडचं बघतो, कोणी शिकवलेलं नसतं. बटणावरच्या व्ह्यूला ते वाकणं येत नाही.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात भारी मुद्दा, आणि तो मी मनापासून मान्य करतो. खऱ्या रेस गाडीतून खरंच फार वाईट दिसतं. हान्स, म्हणजे हेल्मेटला जोडलेलं मान वाचवायचं साधन, घातलं की मान फारशी वळत नाही, सीट डोक्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवते, मागे काच असली तरी तिच्यातून काही दिसेल याची खात्री नसते, आणि आरसे एरोडायनॅमिक्सवाल्यांना नकोच असतात. फॉर्म्युला वनच्या टीम्सनी एका काळात आरसे साइडपॉडच्या, म्हणजे कॉकपिटच्या बाजूच्या फुगीर भागाच्या, पार कडेला नेऊन लावले होते, हवेसाठी बरं म्हणून, ते इतके हलायचे की शेवटी २०१० मध्ये त्यांच्यावर बंदी आली. २०२२ च्या नवीन गाड्यांमधून मागचं दिसेना म्हणून पुढच्याच वर्षी आरशाची रुंदी १५० मिलिमीटरवरून २०० करावी लागली. ल मांसची चोवीस तासांची रेस बघा. २०११ ला ऑडी उघडं कॉकपिट सोडून बंद आर१८ घेऊन आली आणि तिच्या तीनपैकी दोन गाड्या हळू जीटी गाड्यांना ओलांडताना आदळून पार चुराडा झाल्या, मॅकनिशची पहिल्याच तासात आणि रॉकनफेलरची रात्री. पुढच्या वर्षी टोयोटाचा अँथनी डेव्हिडसन तसाच एका जीटी फरारीला लागून हवेत उडाला, मणक्याची दोन हाडं मोडली. तेव्हा ब्लाइंड स्पॉट काल्पनिक आहे असं मी म्हणतच नाहीये, तो जीवघेणा आहे.

पण मग त्या खेळाने काय केलं, हे पण बघाल की नाही? रिअलिझम म्हणून सोडून दिलं का? ऑडीने २०१२ च्या गाडीत मागचं बघायला कॅमेरा आणि कॉकपिटमध्ये डिजिटल आरसा बसवला. कॉर्व्हेटच्या टीमने २०१३ मध्ये गाडीच्या मागे चक्क रडार लावलं. मागून येणारी गाडी स्क्रीनवर बाणांनी दाखवायची, ती किती जोरात जवळ येतेय ते रंगावरून कळायचं आणि कुठल्या बाजूने घुसतेय तेही. पुढे बॉशने तशी सिस्टीम बाकीच्या टीम्सनाही विकायला काढली. म्हणजे ज्या कोपऱ्यातल्या बाणांना आपले लोक चीटिंग म्हणतायत ते बाण खऱ्या जीटी गाडीच्या डॅशवर दहा-बारा वर्षांपूर्वीच आले. अमेरिकेतल्या नॅसकार रेसिंगमध्ये तर गाडी ट्रॅकवर असताना वर उंचावर स्पॉटर उभा असणं सक्तीचं आहे, आतला कोण, बाहेरचा कोण, मोकळं झालं की नाही, हे तो सतत रेडिओवर सांगत असतो. ड्रायव्हरला दिसत नाही हे मान्य करूनच त्याला कळवायची व्यवस्था केलेली आहे. तुम्ही खऱ्या गाडीतलं न दिसणं तेवढं उचललंत आणि त्याच्याबरोबर येणारं कळवणं तिथेच सोडून आलात.

आणि हे भांडण नवीनही नाहीये. १९११ ची पहिली इंडियानापोलिस ५००, ग्रिडवर ४० गाड्या. तेव्हा ड्रायव्हरच्या शेजारी मेकॅनिक बसायचा, तेल-पंप बघायचा आणि मागे वळून कोण येतंय ते सांगायचा. रे हॅरूनची मार्मन वास्प मात्र एकाच सीटची होती. बाकीच्यांनी तक्रार केली, की याच्याकडे मागे बघायला माणूस नाही, हा आम्हाला धोका आहे. हॅरूनने काय केलं तर गाडीवर एक आरसा लावला, आणि रेस जिंकली. विटांच्या ट्रॅकवर तो आरसा इतका थरथरायचा की त्यात धड काही दिसतच नव्हतं असं पुढे त्यानेच सांगितलं, पण मला महत्त्वाचं वाटतं ते आरशाच्या आधीचं. तक्रार कशाची होती? तुझ्याकडे मागची माहिती यायची सोय नाही, याची. सोय माणसाची असो नाहीतर काचेची, पण सोय हवी, नाहीतर तू दुसऱ्याला मारशील. रेसिंगमध्ये आरसा आला तो माणसाच्या जागी आला. आज मी मॉनिटरसमोर बसलोय, माझी मान नाही, माझे कडेचे डोळे नाहीत, माझ्या शेजारी मेकॅनिक नाही, आणि त्यांच्या जागी मी रडार लावतोय. याच्यात आणि हॅरूनच्या आरशात फरक काय?

आपल्याकडे तर हे सांगायचीसुद्धा गरज पडू नये. ट्रकचा क्लीनर डाव्या खिडकीतून अर्धा बाहेर लटकून दारावर थाप मारतो, ती थाप म्हणजे डावीकडे आहे कोणीतरी. एसटी स्टँडवर गाडी मागे घेताना कंडक्टर उतरतो, मागे जाऊन शिट्टी मारत राहतो, आणि शिट्टी थांबली की ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जातो. त्या ड्रायव्हरला मागचं दिसत नाही आणि तरी त्याला माहीत असतं. तीस-तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला, तू कंडक्टर घेऊन मागे घेतोस म्हणजे तुला चालवता येत नाही, असं म्हणायची कोणाची हिंमत होईल?

रडारमुळे माणूस आळशी होतो हा दुसरा आक्षेप आहे, आणि त्यातही तथ्य आहे, मी स्वतः बघितलंय. काही जण रस्त्याऐवजी रडारकडेच बघून चालवतात. सुरुवातीच्या लॅप्सना मागे कोण आहे, तो कुठे जोरात आहे, कुठल्या कोपऱ्यावर उडी मारणार, हे डोक्यात साठवून ठेवायची जी सवय लागते, जी खरी रेसक्राफ्ट आहे, ती लागतच नाही. शिवाय काही रडार ॲप्स शेजारची गाडी वरून, सेंटिमीटरच्या हिशोबाने दाखवतात, गाडीचा कोन किती तिरका झालाय तेसुद्धा. हे खऱ्या कुठल्याच ड्रायव्हरला मिळत नाही, आणि याचा फायदा घेऊन समोरच्याला बरोबर अर्धा फूट कमी जागा देणारे लोक आहेत. हे बंद करा, माझा पाठिंबा आहे. पण याचं उत्तर माहिती शून्यावर आणणं हे कसं काय होतं? फक्त बाजू सांगणारा बाण ठेवा, डावीकडे आहे किंवा उजवीकडे आहे, अंतर नको. किंवा नुसता स्पॉटरचा आवाज ठेवा, क्र्यूचीफसारखं ॲप फुकट मिळतं आणि आयरेसिंग या सिम्युलेटरमध्ये तर स्पॉटर आतच येतो. आवाजाचं चांगलं हे आहे की तो डोळे रस्त्यावरून हलवत नाही, आणि तो थोडा उशिरा येतो, जसा खरा स्पॉटरही येतो. त्यामुळे आपली आठवण, आपला अंदाज, हे लागतंच.

आता प्रस्तावाच्या विरोधातल्या कंपूतल्या मित्रांना. तुमच्या बाजूने मी रडारपुरताच आहे. चेस कॅममधून, म्हणजे गाडीच्या मागून-वरून बघत लीग रेस चालवायची, हे मला पटत नाही. त्या व्ह्यूमध्ये मागचं चाक कर्बपासून किती इंचावर आहे ते डोळ्यांनी दिसतं, जे पृथ्वीवरच्या कुठल्याही ड्रायव्हरने कधी बघितलेलं नाही. तसंच गाडीगाडीतला फरक. एखाद्या गाडीचं नाक लांब, एखादीत ड्रायव्हर इतका खाली आणि मध्ये बसतो की उजव्या कोपऱ्याचा एपेक्स डॅशखाली गडप होतो, हे त्या गाडीचं व्यक्तिमत्त्व आहे. गाडी निवडताना याचाही विचार करायचा असतो. तो एपेक्स दिसत नाही म्हणून आपण लांबचं झाड, मार्शलची केबिन, रस्त्यावरचा डांबराचा जोड अशा खुणा धरून वळायला शिकतो, आणि हे शिकण्यात जो आनंद आहे त्यासाठीच तर आम्ही रात्री साडेदहाला, घरचे झोपल्यावर, या सीटवर येऊन बसतो. बोनेटवरून रस्ता दाखवणाऱ्या बोनेट कॅमने तो आनंद घालवू नका. जे गाडीने झाकलंय ते झाकलेलंच राहू दे.

जुन्या गाड्यांची रेस असेल तर मात्र मी थोडा वेगळा विचार करीन. १९९८ मध्ये पॅपिरसने ग्रां प्री लेजंड्स काढला, १९६७ च्या सीझनवरचा, तेव्हाचे छोटे चौकोनी मॉनिटर, आणि लोक त्यावर हेल्मेटच्या मागे काय आहे याचा अंदाज घेत चालवायचे. त्या काळातल्या गाडीत बाण नव्हते, रेडिओ नव्हता, तिथे स्पॉटर बोलू लागला तर रसभंग होतो हे खरं. पण १९६७ च्या ड्रायव्हरचं डोकं उघड्या गाडीत बाहेर होतं, तो वळून बघू शकत होता, शेजारचं इंजिन त्याला थेट कानावर ऐकू येत होतं. तिथेही निदान व्हर्च्युअल मिरर ठेवाच.

पैशाबद्दल ग्रुपवर कोणी बोलत नाहीये, पण बोललं पाहिजे. प्रस्ताव मांडणाऱ्या बहुतेकांकडे ट्रिपल स्क्रीन आहे नाहीतर डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट. तीन २७ इंची मॉनिटर नीट वळवून लावले की ४६ तिय्या १३८ अंश मिळतात, आरसे आपोआप आत येतात, शेजारची गाडी डोळ्यांच्या कडेला जाणवते. व्हीआरमध्ये कडेचं कमी दिसतं पण दोन डोळे मिळतात, मान मिळते, खांबाच्या पलीकडे वाकता येतं. त्यांना रडारची गरज खरंच कमी आहे आणि ते प्रामाणिकपणे बोलतायत, यात मला शंका नाही. पण तीन स्क्रीन, त्यांना ओढणारं ग्राफिक्स कार्ड, ठेवायला जागा, हे सोलापुरात भाड्याच्या खोलीत टेबलाला स्टीअरिंग क्लॅम्प करून चालवणाऱ्या पोराने कुठून आणायचं? तुमचा नियम त्याच्या गाडीतलं नाही, त्याच्या खोलीतलं न दिसणं पक्कं करतो. आणि त्याचा फटका तुम्हालाही बसणारच आहे. आयरेसिंगमध्ये दोन गाड्या जोरात लागल्या की चूक कोणाची हे न विचारता दोघांच्याही नावावर चार-चार इन्सिडंट पॉइंट, म्हणजे चुकांचे पॉइंट, पडतात. तुमच्या तीन स्क्रीनवर त्याची गाडी कितीही छान दिसली, तरी त्याला तुमची दिसली नाही तर भिंतीत दोघंही जाणार.

मग नियम कसा करायचा? यासाठी फॉर्म्युला वनच्याच नियमावलीत एक फार सुंदर गोष्ट आहे. तिथे आरशाची मापं दिलेली आहेत, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. ड्रायव्हरला नेहमीसारखं सीटवर बसवतात, गाडीच्या मागे पाट्या उभ्या करतात, आणि त्यांच्यावर कुठेही लावलेली १५० मिलिमीटर उंच आणि १०० मिलिमीटर रुंद अक्षरं किंवा आकडे त्याला आरशातून ओळखता आले पाहिजेत. ओळखता आले तर आरसा पास. काच किती मोठी आहे हे पुरेसं नाही, सीटवर बसलेल्या माणसाला काय कळलं हे तपासतात.

हेच आपण करू शकतो, आणि याला काही खर्च नाही. मोंझाच्या स्ट्रेटवर प्रॅक्टिस सेशनमध्ये एक गाडी उभी करायची, दुसरी तिच्या मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत हळूहळू सरकवायची, आधी डावीकडून मग उजवीकडून, आणि पहिल्या ड्रायव्हरने समोरचा रस्ता न सोडता, बटण न दाबता, कधी कळलं तेव्हा 'आहे' म्हणायचं. ज्याला स्क्रीनवरच कळतंय त्याला रडार लागणार नाही, खुशाल बंद ठेवू दे. ज्याला नाही कळत त्याला बाजू सांगणारा बाण किंवा आवाज मिळेल, यापेक्षा जास्त काही नाही. नाशिकच्या त्या मुलाशी मी बोललोय, माझ्यामुळे त्याची रेस गेली तरी तो लगेच तयार झाला. गुरुवारी रात्री अकराला आम्ही दोघं सर्व्हरवर आहोत, तो ट्रिपलवर आणि मी एका मॉनिटरवर, आधी तो उभा राहणार मग मी. प्रस्तावाच्या बाजूने ज्यांनी मत दिलंय त्यांनी मुद्दाम या आणि माझ्या मॉनिटरचं स्ट्रीम बघा.